'ध'चा 'मा' आणि १,८५० रुपयांचा डबा : आरोग्य पुरवण्यांच्या संपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्या काढणारे संपादक आणि उपसंपादक

सप्रेम नमस्कार.

गेल्या श्रावणात माझ्या धाकट्या भावाचा उजवा डोळा लाल झाला. त्याला वाटलं, डोळे आलेत. पण डोळे आले की पापण्या चिकटतात, चिपडं येतात, खाज सुटते. इथे तसलं काही नव्हतं. बुबुळाभोवती लालभडक कडं, आतून ठणका, आणि दुकानाचं शटर हातभर वर केलं तरी उजेड सुईसारखा टोचायचा. विट्यात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दोन दिवस त्याने शटर ओढून अंधारात बसून काढले. तिसऱ्या दिवशी मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. भिंगातून बघता बघताच त्यांनी विचारलं, "शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं?" भाऊ गप्प. मग हळूच म्हणाला, "तीन चुकली."

चुकली नव्हती, पाठीच्या कण्याच्या आजारावरची ती इंजेक्शनं त्याने मुद्दाम सोडली होती. आणि सोडण्याचं कारण त्याच्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये, सिम काढायच्या पिनांच्या डबीखाली, घडी घालून ठेवलेलं होतं. ते तुमच्यापैकी एकाच्या रविवारच्या पुरवणीचं कात्रण होतं.

कात्रणातला मजकूर थोडक्यात असा : पाठीच्या कण्याचा सांधेदाह आणि रक्तातली अमिनो आम्लं यांचा संबंध शास्त्रज्ञांनी आता थेट जनुकांतून शोधून काढला आहे, तेव्हा रक्तातलं अमुक अमिनो आम्ल वाढवा आणि कणा वाचवा. त्याच पानावर खाली पाव पान जाहिरात, अमिनो आम्लांच्या पावडरीची. डबा १,८५० रुपयांना. भावाने दोन घेतले.

वर्तमानपत्राचं नाव मी लिहीत नाही. त्या एकाला पकडून उपयोग नाही, कारण असा मजकूर मी इतरांकडेही वाचला आहे. फक्त पदार्थ बदलतो. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

माझ्याबद्दल दोन ओळी. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, म्हणजे मेंडेलचे वाटाणे दरवर्षी सोलते. आणि भावाला जो आजार आहे तोच मलाही आहे. त्याचं नाव अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. जीभ वळत नाही म्हणून दवाखान्याच्या बाकड्यावर आम्ही सगळे 'एएस' म्हणतो. कणा जिथे कमरेखाली कुल्ल्यांच्या हाडांना जोडला जातो, त्या दोन सांध्यांत बहुधा सुरुवात होते. अस्थिबंध हाडाला जिथे चिकटतात तिथे दाह होतो, मग शरीर त्या जागी नवं हाड घालू लागतं, आणि वर्षानुवर्षं हे चाललं की सुटे मणके एकमेकांना सांधले जातात. एक्स-रेत असा कणा बांबूसारखा दिसतो. डॉक्टरही त्याला बांबू स्पाइनच म्हणतात.

मला तेविसाव्या वर्षी सुरू झालं, एमएस्सीला असताना. पहाटे तीन-साडेतीनला कंबर अशी धरायची की कूस बदलता यायची नाही. उठून हॉस्टेलच्या लांब व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या की अर्ध्या तासाने मोकळं व्हायचं. पडून राहिलं तर वाढायचं. ही एवढी एक गोष्ट कुणी नीट ऐकली असती! पण आपल्याकडे कंबरदुखीला एकच निदान ठरलेलं असतं : 'मणक्यात गॅप'. मला गॅप सांगितली, पट्टा दिला आणि सगळ्यात वाईट म्हणजे तीन आठवडे अंथरुणात पडून राहायला सांगितलं. बाळंतपण झाल्यावर सगळ्यांना आयतंच कारण मिळालं, 'कमरेत भूल दिली होती ना'. एका डॉक्टरांनी एएस ही शंका काढली आणि स्वतःच खोडली. म्हणाले, हा पुरुषांचा आजार. बत्तिसाव्या वर्षी निदान झालं. नऊ वर्षं. भारतातल्या एका अभ्यासात हा उशीर सरासरी सुमारे सात वर्षांचा निघाला होता, म्हणजे मी फार काही वेगळी नाही.

ज्यांनी निदान केलं त्या संधिवाततज्ज्ञांनी आधी रक्त मागितलंच नाही. भिंतीला टाचा टेकवून उभं केलं आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला लावा म्हणाले. लागली, पण हनुवटी वर करून. मग कमरेवर बॉलपेनाने दहा सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा केल्या आणि वाकायला सांगितलं. वाकल्यावर ते अंतर पंधराच्या आसपास जायला हवं. टेपवर बारा भरलं. "घरात कुणाची पाठ वाकलेली आहे का?" त्यांनी विचारलं, आणि मला पहिल्यांदा माझे वडील दिसले.

वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल होते. हळदीची पोती वाहायचे. चाळिशीनंतर ते पुढे वाकत गेले. मागून हाक मारली तर मान न वळवता अख्खे वळायचे, झोपताना डोक्याखाली दोन उशा लागायच्या. कोजागिरीचा चंद्र बघायला आम्ही त्यांची खुर्ची मागे कलती करून धरायचो. सगळं गाव म्हणायचं, हळदीच्या पोत्यांनी वाकवलं. आम्हीही तेच म्हणायचो. पोत्यांचा काही दोष नव्हता. (आणि हळदीने सांधेदुखी बरी होते असं छापणाऱ्यांना माहीत असावं म्हणून सांगते, या माणसाने आयुष्यभर हळदीच्या धुळीत श्वास घेतला.)

इथून जनुकांची गोष्ट सुरू होते, आणि तुमच्या कात्रणातला घोटाळाही.

१९७३ साली लंडनमध्ये डेरिक ब्रूअर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एएसच्या ७५ रुग्णांचं रक्त तपासलं. त्यांतल्या ७२ जणांत एचएलए-बी२७ नावाची एकच खूण सापडली. निरोगी ७५ जणांत ती फक्त तिघांकडे होती. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमधल्या गटालाही हेच दिसलं. एवढा घट्ट संबंध वैद्यकात क्वचितच सापडतो. पुढे १९९७ मध्ये जुळ्यांचा अभ्यास झाला : एकसारख्या जुळ्यांच्या ८ जोड्यांपैकी ६ जोड्यांत दोघांनाही आजार होता, भिन्न जुळ्यांच्या ३२ जोड्यांपैकी फक्त ४ जोड्यांत. वाटणी मुख्यतः जनुकांतून होते, हे त्यावरून पुरेसं स्पष्ट झालं.

आता अमिनो आम्लं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, आणि मणी वीस प्रकारचे. बी२७ हेही एक प्रथिनच. पेशीच्या आत मोडलेल्या प्रथिनांचे छोटे तुकडे, बहुधा नऊ मण्यांचे, ते आपल्या खाचेत धरतं आणि पेशीच्या पृष्ठभागावर मांडून ठेवतं. गस्तीवरच्या रोगप्रतिकारक पेशी येता-जाता ते बघतात आणि आत घरचं माणूस आहे की चोर ते ठरवतात. या खाचेच्या तळाशी, माळेतल्या ११६ व्या जागी, बी२७च्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात अ‍ॅस्पार्टिक आम्ल असतं. इटलीच्या सार्डिनिया बेटावर बी२७चा दुसरा एक प्रकार सापडतो. त्याच्यात आणि पहिल्यात फरक एकाच मण्याचा : ११६ व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी हिस्टिडीन. आणि हा प्रकार ज्यांच्या अंगात आहे, त्यांना एएस जवळजवळ होतच नाही.

वर्गात हे सांगताना मी 'ध'चा 'मा' आठवून देते. 'धरावे'चं 'मारावे' झालं आणि नारायणराव पेशवे गेले, असं आपण ऐकत आलो. सार्डिनियात उलटं झालं, निसर्गाने 'मा'चा 'ध' केला. (नारायणरावांचा खून १७७३ चा, बी२७ आणि एएसचा संबंध सापडला १९७३ मध्ये. दोनशे वर्षं बरोबर. याला काही अर्थ नाही, पण पोरांना तारखा पाठ होतात.)

बी२७च्या जोडीला ईआरएपी१ नावाचं एक जनुक २००७ मध्ये सापडलं. त्याचं प्रथिन म्हणजे कातरी. खाचेत बसवण्याआधी तुकड्यांच्या एका टोकाकडचे जादा मणी ते छाटतं. या कातरीची ठेवण थोडी वेगळी असली की एएसचा धोका बदलतो, पण मुख्यतः बी२७ असलेल्यांतच. २०११ मध्ये हे दिसलं तेव्हा खाच आणि कातरी एकाच कामावर आहेत याबद्दल फारशी शंका उरली नाही. आज एएसशी जोडलेल्या जनुकीय जागा शंभराच्या वर गेल्या आहेत.

पण हे सगळे मणी जनुकाने ठरवून दिलेल्या जागी ओवलेले आहेत. ते तुम्ही खाल्लेल्या डाळीने बदलत नाहीत, पावडरीने तर नाहीच. डब्यातलं हिस्टिडीन कितीही खाल्लं तरी माझ्या बी२७च्या ११६ व्या जागी जाऊन बसणार नाही. रक्तात सुटी फिरणारी अमिनो आम्लं ही वेगळीच गोष्ट आहे. तुमच्या लेखकाने 'जनुकांतलं अमिनो आम्ल' आणि 'रक्तातलं अमिनो आम्ल' या दोन गोष्टी एका वाक्यात कालवल्या. शब्द एकच आहे, म्हणून वस्तू एक होत नाही. मोत्यांच्या माळेतला मणी आणि पाठीच्या कण्यातला मणका यांत फरक आहे, तेवढाच.

आता रक्तातल्या अमिनो आम्लांकडे येते, कारण तिथेही काही खरं आहे आणि ते खरं मला मारायचं नाही. दाह पेटला की रक्तातली अमिनो आम्लं बदलतात. रोगप्रतिकारक पेशी ग्लुटामिन भराभर वापरतात. इंटरफेरॉन या निरोप्या प्रथिनाच्या इशाऱ्यावर एक एंझाइम ट्रिप्टोफॅन फोडून त्याचं कायन्युरेनिन करू लागतं, म्हणजे एक घटतं आणि दुसरं वाढतं. यकृत सीआरपी (दाह पेटला की रक्तात वाढणारं एक प्रथिन) आणि तसलीच प्रथिनं बनवायला घेतं, त्याचा कच्चा माल स्नायूंतून येतो. शिवाय उपास, जेवण, व्यायाम, वाढलेलं वजन, मधुमेह, यांपैकी प्रत्येकाने आकडे हलतात. त्यामुळे एएसच्या रुग्णांत अमुक अमिनो आम्ल कमी आढळलं, एवढ्याने काय कळतं? पाहुणे येऊन गेले आणि पिठाचा डबा रिकामा झाला. आता रिकामा डबा बघून कुणी म्हणालं, पीठ संपलं म्हणून पाहुणे आले, तर आपण हसू. रुग्णाच्या रक्ताच्या बाबतीत मात्र तोच मथळा होतो.

संशोधकांना हा पेच माहीत आहे. १९८६ साली मार्टाइन कातान या डच संशोधकाने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला एक छोटं पत्र लिहिलं. (पत्रच होतं, म्हणून माझाही धीर चेपला.) तेव्हा रक्तात कोलेस्टेरॉल कमी असलेल्यांमध्ये कर्करोग जास्त दिसत होता. कमी कोलेस्टेरॉलमुळे कर्करोग, की आत दडलेल्या कर्करोगामुळे कोलेस्टेरॉल कमी? कातान म्हणाले, ज्यांचं कोलेस्टेरॉल जन्मतःच, जनुकामुळे, कमी आहे त्यांच्याकडे बघा. त्यांना कर्करोग जास्त होत नसेल, तर कोलेस्टेरॉल निर्दोष. २००३ मध्ये जॉर्ज डेव्ही स्मिथ आणि शाह इब्राहिम यांनी ही कल्पना नीट मांडली आणि ती रूढ केली. तिचं नाव मेंडेलियन रँडमायझेशन. तुमच्या कात्रणात 'थेट जनुकांतून' म्हटलंय ते हे.

मराठीत मी तिला जनुकांची सोडत म्हणते. म्हाडाच्या सोडतीत घर लागतं ते अर्जदार चांगला की वाईट हे बघून नाही, निदान तसं अपेक्षित असतं. तसं आई-बापांकडून कोणतं जनुकरूप मिळावं हे गर्भधारणेच्या वेळी सोडतीनेच ठरतं. पुढे तुम्ही काय खाता, आजारी पडता की नाही, याचा त्या सोडतीवर काही परिणाम होत नाही. म्हणून ज्यांना रक्तातलं अमुक अमिनो आम्ल जास्त ठेवणारं जनुक 'लागलं', त्यांच्यात एएस कमी होतो का, हे मोजलं की पीठ आधी की पाहुणे आधी याचा थोडा तरी उलगडा होतो. कल्पना सुंदर आहे. मी तिच्या प्रेमात आहे. म्हणूनच तिचं असं झालेलं बघवत नाही.

कारण ही सोडत खरी असायला एक अट आहे, आणि ती अट मथळ्यात कधी येत नाही. त्या जनुकाने फक्त त्या अमिनो आम्लाच्या वाटेनेच आजारापर्यंत पोचलं पाहिजे, दुसऱ्या चोरवाटेने नाही. जनुकं मात्र एकमार्गी नसतात. जीसीकेआर नावाचं जनुक घ्या. यकृतात साखर हाताळणाऱ्या एका एंझाइमला लगाम घालणारं प्रथिन ते बनवतं. त्याच्या एका रूपाने काही अमिनो आम्लांची रक्तातली पातळी बदलते, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी वाढते, उपाशीपोटीची साखर थोडी घटते, सीआरपीही हलतो. आता या जनुकाच्या आधारे तुम्ही अमिनो आम्ल आणि दाहाचा आजार यांचा संबंध जोडलात, तर नेमका कुणाचा हात धरलात? एएसमध्ये तर आणखी अडचण. बी२७ ज्या भागात बसलंय तो गुणसूत्राचा भाग रोगप्रतिकाराच्या जनुकांनी खचाखच भरलेला आहे आणि त्याचा प्रभाव प्रचंड आहे. त्याच्या जवळपासचं एखादं जनुक हिशोबात शिरलं तर बाकी सगळं झाकलं जातं.

दुसरं असं की ही मोजणी आता फार सोपी झाली आहे. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या रक्ताच्या आणि जनुकांच्या साठ्याने २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाच्या पाच लाख स्वयंसेवकांची नोंद केली. फिनलंडचाही असा मोठा साठा आहे. मोजलेल्या संबंधांचे तक्ते कुणालाही उतरवून घेता येतात. लॅपटॉप आणि तयार प्रोग्रॅम असला की एका दुपारी एक 'संबंध' तपासून होतो. त्यामुळे अशा शोधनिबंधांचा पूर आलाय, आणि जबाबदार नियतकालिकांचे संपादक त्याबद्दल कुरकुरतातही. वीस अमिनो आम्लं एकेक करून तपासली आणि विसात एक चूक चालेल असा नेहमीचा निकष लावला, तर निव्वळ योगायोगाने एखादं सापडण्याची शक्यताच जास्त. शिवाय बायोबँकेत ज्या पद्धतीने रक्त मोजलं तिच्यात विसांपैकी नऊच अमिनो आम्लं मोजली जातात. दाहात ज्याची सर्वाधिक चर्चा होते ते ट्रिप्टोफॅन त्या नवांत नाही! उजेड जिथे आहे तिथेच किल्ली शोधायची, असला प्रकार. आणि उजेड बहुतेक सगळा युरोपीय वंशाच्या लोकांवर पडलेला आहे.

समजा, हे सगळे अडथळे पार करून एखादा संबंध टिकला. तरी पावडर कुठून आली? जनुकामुळे जो फरक पडतो तो जन्मापासून, रोज, थोडा थोडा असतो. चमचाभर पावडर तीन महिने घेण्याशी त्याची बरोबरी होत नाही. जनुक रक्तातली पातळी बदलतं ते यकृत आणि मूत्रपिंड त्या अमिनो आम्लाचं काय करतात ते बदलून. खाल्लेलं जादा अमिनो आम्ल शरीर साठवून ठेवत नाही. नायट्रोजन काढून युरियावाटे बाहेर टाकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे माझ्या भावाला कुणी सांगितलं नाही : हे अभ्यास आजार होण्याची शक्यता मोजतात. त्याला आजार होऊन सात वर्षं झाली होती. आग लागण्याआधी विडी विझवावी, हे खरंच. पण पेटलेल्या गंजीसमोर उभं राहून विडी विझवून काय होणार?

'गुड कोलेस्टेरॉल' आठवतं? तुमच्या पुरवण्यांनी एचडीएल वाढवण्याचे घरगुती उपाय किती वर्षं छापले. ते वाढवणारं टॉर्सेट्रापिब हे औषध २००६ मध्ये चाचणीच्या मध्येच थांबवावं लागलं, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होत होते. २०१२ मध्ये याच जनुकांच्या सोडतीने दाखवलं, की जन्मतः एचडीएल जास्त असलेल्यांना हृदयविकार कमी होतो असं नाही. म्हणजे ही पद्धत उलटतपासणीला फार उपयोगी आहे. बऱ्याचदा ती 'नाही' म्हणते, आणि ते 'नाही' कुणी छापत नाही.

भावाचं इंजेक्शन अडॅलिमुमॅबचं, दर पंधरा दिवसांनी, पोटावर. २०१४ च्या अखेरीस त्याची भारतीय आवृत्ती बाजारात आली म्हणून आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आलं; तरी दर वेळी पैसे मोजताना त्याचा जीव खालीवर होतो. एका इंजेक्शनच्या जागी डबाभर पावडर, तीही 'नैसर्गिक', ती त्याने घेतली यात मला नवल वाटत नाही. एएसच्या रुग्णांपैकी चौथाई ते तिसरा हिस्सा लोकांना कधी ना कधी डोळ्याचा हा दाह होतो, आणि हे इंजेक्शन तो आवरूनही धरतं. बाहुली मोठी करणारे थेंब आणि स्टेरॉइडचे थेंब, सुरुवातीला तासातासाला. आई घड्याळ लावून उठायची. सहा आठवड्यांनी डोळा शांत झाला. बाहुली आता किंचित वाकडी आहे. बारकाईने पाहिलं तरच दिसते. मोबाइलचा स्क्रू बसवताना तो मान जरा डावीकडे घेतो.

बी२७च्या चाचणीबद्दलही सांगायला हवं, कारण 'संपूर्ण शरीर तपासणी'च्या पॅकेजांत ती आता घुसली आहे आणि त्या पॅकेजांच्या जाहिरातीही तुमच्याकडेच असतात. कंबर न दुखणाऱ्या माणसाचा बी२७ पॉझिटिव्ह आला तर त्याला काहीही कळलेलं नसतं. बी२७ असलेल्या शंभरांतल्या सुमारे पंचाण्णव जणांना हा आजार होत नाही. घरात रुग्ण असेल तर धोका वाढतो, हे खरं. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. तिला माझ्याकडून बी२७ मिळालं असण्याची शक्यता निम्मी. मी चाचणी केलेली नाही. तिची कंबर पहाटे दुखते का, एवढं मात्र विचारते, इतक्यांदा की ती वैतागते.

आणि बातमीच हवी असेल तर ती पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर आहे. भिगवणला. उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी तुम्ही दर हिवाळ्यात पहिल्या पानावर छापता. त्याच भिगवणमध्ये १९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याच्या 'कॉपकॉर्ड' उपक्रमात घरोघर जाऊन सांधेदुखी-पाठदुखी मोजली. गावातल्याच माणसांना शिकवून प्रश्नावल्या भरून घेतल्या. ग्रामीण भारतात लोकांचं नेमकं काय दुखतं, हे त्यामुळे आकड्यांत कळलं. जगभरच्या संधिवाततज्ज्ञांना भिगवण माहीत आहे ते या कामामुळे. आपल्या वाचकांना माहीत आहे ते पक्ष्यांमुळे. पक्ष्यांशी माझं वैर नाही.

माझं मागणं मोठं नाही. अभ्यासात 'संबंध आढळला' असेल तर मथळ्यात 'कारण सापडलं' करू नका. 'ध'चा 'मा' तिथेच होतो. अभ्यास उंदरांवरचा, जनुकांच्या तक्त्यांवरचा, की माणसांना औषध देऊन केलेला, हे पहिल्या परिच्छेदात लिहा. लेखातला पदार्थ आणि खालच्या जाहिरातीतला डबा एक असेल तर निदान पान तरी बदला. जाहिरात विभाग तुमच्या हातात नाही हे मला ठाऊक आहे. पान लावणं तर आहे?

आणि जाहिरात नसलेल्या एखाद्या रविवारी ही चौकट छापा. नाव घालू नका, मानधन नको :

'वय चाळिशीच्या आत. कंबर किंवा कुल्ले हळूहळू दुखू लागले, तीन महिन्यांहून जास्त झाले. पहाटे दुखण्याने जाग येते. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ अंग आखडलेलं असतं. चालल्या-फिरल्याने बरं वाटतं, पडून राहिल्याने वाढतं. मध्येच एक डोळा लाल होऊन उजेड सहन होत नाही. घरात कुणाची पाठ अशी आहे. यांतलं बरंचसं जुळत असेल, तर बाई असा की पुरुष, मणक्यात गॅप आहे असं मानून थांबू नका; संधिवाततज्ज्ञांना दाखवा. एक्स-रेत बदल दिसायला वर्षं लागतात, एमआरआयमध्ये आधी दिसू शकतात.'

साधारण सत्तर शब्द झाले. पावडरीच्या जाहिरातीपेक्षा कमी जागा लागेल.

कळावे,
जीवशास्त्राच्या एक शिक्षिका,
सांगली

ता.क. : दुसरा डबा भावाने न उघडताच परत करायला नेला होता, दुकानदाराने घेतला नाही. पावडर आईने मोरीत ओतली. डबा चांगला आहे, झाकण घट्ट बसतं. त्यात आता तूरडाळ असते.